एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली दहा वर्षांची शिक्षा: राज्यपालांकडे दयेचा अर्ज कुणी केला आहे का?

खारेगावची ताई
९ मार्च २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. कळव्यात खारेगावला माझं पोळीभाजी केंद्र आहे. इथे आजवर वाचतच आले, लिहिते आहे पहिल्यांदा. प्रश्न शेवटी आहे. आधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर उत्तर देणाऱ्याला अंदाज यायचा नाही.

माझा धाकटा भाऊ नोव्हेंबर २०१७ पासून आत आहे. तो दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. वाशीच्या मार्केटातून कांदा-बटाटा उचलायचा आणि भिवंडी, कल्याण, कधी शहापूरपर्यंत टाकायचा. एका ओळखीच्या माणसाने रात्रीची खेप दिली. कांद्याच्या गोण्यांमागे दोन गोण्या वेगळ्या होत्या. भाडं चार हजार, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. आत काय आहे हे त्याने विचारलं नाही. बहीण आहे म्हणून मी खोटं लिहिणार नाही. दुप्पट भाडं कुणी उगाच देत नाही हे एकोणतीस वर्षांच्या माणसाला कळतं, आणि त्यालाही कळलं असणार. बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं, पैसे हवे होते, म्हणून त्याने विचारलं नाही. नाक्यावर गाडी अडवली, गोण्या काट्यावर चढल्या आणि आकडा आला २२ किलो ४०० ग्रॅम गांजा.

हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गांजा २० किलोच्या वर गेला की कायद्यात ते व्यापारी प्रमाण होतं. मग शिक्षा दहा ते वीस वर्षं आणि दंड एक ते दोन लाख. वीसच्या आत असता तर दहा वर्षं ही वरची हद्द होती, खालची हद्द नव्हती. दोन, तीन, पाच, काय ते माणूस बघून न्यायाधीशांना ठरवता आलं असतं.

मी रोज सकाळी मेथी निवडते. पाच किलोच्या जुड्या आणल्या तर कढईत जेमतेम अडीच किलो पडते, बाकी देठं आणि माती लागलेली मुळं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पंचनाम्यात मात्र गोणी जशी होती तशी मोजली. आमच्या वकिलांनी हा मुद्दा काढला होता, पण टिकला नाही. वरच्या दोन किलो चारशेमध्ये देठं किती होती हे आता कुणालाही सांगता येणार नाही. मेथी निवडताना हे रोज डोक्यात येतं.

निकाल २०२१ मध्ये लागला. मी मागच्या बाकावर होते. शिक्षेबद्दल काही सांगायचंय का असं साहेबांनी विचारलं. भाऊ म्हणाला, आई म्हातारी आहे, मुलगा लहान आहे, याआधी माझ्यावर एकही केस नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला दहाच्या खाली येता येत नाही." रागावून नाही म्हणाले. समोरचे कागद सारखे करत म्हणाले. दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष.

ज्याचा माल होता तो कागदावर 'पाहिजे आरोपी' आहे. अजूनही आहे.

२०२० मध्ये करोनात गर्दी कमी करायला कैदी सोडले, तेव्हा समितीने एनडीपीएसवाले वगळले. आता १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या राज्यात शिक्षामाफीचं धोरण आहे तिथे पात्र कैद्याने अर्ज केला नसला तरी सरकारने त्याचा विचार करायचा. मी ते कात्रण घेऊन भेटीला गेले. निकालानंतर त्याला लांबच्या तुरुंगात हलवलंय, रात्रभर एसटीत बसावं लागतं. त्याने काचेपलीकडून कात्रण वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे आमच्यासाठी नाही. आम्हाला ३२ए आहे." म्हणजे याच कायद्यातलं शिक्षामाफी बंद करणारं कलम. सोबतच्या कैद्यांना चांगल्या वागणुकीचे दिवस मिळतात, शिक्षेतून वजा होतात. याला सात वर्षं चार महिन्यांत एक दिवसही नाही. तो आत शिवणकामात आहे, एकदाही त्याच्यावर शिस्तभंगाची नोंद नाही.

एका वकिलाने मला सांगितलं की राज्यपालांकडे दयेचा अर्ज करता येतो, आणि पंधरा हजार घेतले. चार महिने झाले, फोन उचलत नाही.

तर प्रश्न असा. ३२ए असताना राज्यपालांकडे अर्ज चालतो का? कोण लिहितं, कुठे द्यायचा? आणि अर्ज केला म्हणून दुसरीकडे काही अडकत तर नाही ना? त्याने केलं ते चूकच होतं, ते पुसून टाका असं मी मागत नाही. पकडल्या दिवसापासून आजपर्यंत सगळ्यांनी ते वजन बघितलं. एकदा कुणीतरी त्याला बघावं.

आई ७४ वर्षांची आहे. भाऊ ठाण्यात होता तेव्हा कळवा पूल ओलांडून तुरुंगाची भिंत आली की ती रिक्षातून हात जोडायची. आता तो तिथे नाही, तरी जोडते.


निवृत्त शिरस्तेदार, चरई
१० मार्च, सकाळी ७.१५

ताई, माझी एकतीस वर्षं न्यायालयाच्या कारकुनीत गेली. वकील नाही, पण कागद कुठून कुठे जातो हे मला माहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, चालतो. कारण समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी टेबलावरून परत पाठवलं तर तुम्हाला बोलता येईल.

शिक्षेत सूट दोन ठिकाणांहून येते. एक कायद्यातून. सरकारचे शिक्षा माफ करण्याचे, कमी करण्याचे अधिकार, तुरुंगातले वागणुकीचे दिवस, हे सगळं त्यात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची ४३२ आणि ४३३ कलमं होती, आता नव्या संहितेत ४७३ आणि ४७४ आहेत. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात १९८९ च्या दुरुस्तीने ३२ए घातलं आणि हा दरवाजा बंद केला. तुमच्या भावाला आत कुणी सांगितलं ते बरोबरच सांगितलं. फेब्रुवारीचा आदेश या पहिल्या दरवाजाबद्दल आहे, म्हणून त्याचा उपयोग नाही.

दुसरा दरवाजा राज्यघटनेचा. अनुच्छेद १६१ राज्यपालांसाठी, ७२ राष्ट्रपतींसाठी. संसदेने केलेला कायदा घटनेने दिलेला अधिकार काढून घेऊ शकत नाही. १९८० मध्ये मारू राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे जन्मठेपेला किमान चौदा वर्षं आत ठेवण्याचं कलम आलं होतं. न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं, पण ७२ आणि १६१ ला त्याने धक्का लागत नाही असं स्पष्ट म्हटलं. तोच तर्क ३२ए ला लागतो. त्याच निकालात हेही आहे की राज्यपाल एकटे ठरवत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरवतात. म्हणून अर्ज राजभवनाच्या नावाने असला तरी कागद मंत्रालयात गृह विभागात फिरतो. तिथून तुरुंगाचा अहवाल मागवतात, पोलिसांचा मागवतात. दिरंगाई होते ती याच फिरण्यात.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. उच्च न्यायालयात अपील केलंय का? त्याचं काय झालं?

हे विचारतो कारण नौदल अधिकारी नानावटींचा खुनाचा खटला तुम्ही ऐकला असेल. १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना शिक्षा स्थगित करता येणार नाही, आणि नानावटींना तुरुंगात जावं लागलं. पुढे न्यायालयाचं सगळं संपल्यावर १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना त्यांना माफी मिळाली. तेव्हा अपील चालू असेल तर फाईलवर 'प्रकरण न्यायप्रविष्ट' असा शेरा पडून ती बाजूला पडायची शक्यता मोठी. आधी अपिलाची स्थिती कळू द्या.


खारेगावची ताई
१० मार्च, दुपारी ३.०५

काका, इतकं नीट मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं.

अपील २०२१ मध्येच केलंय, सरकारी मदतीच्या वकिलांमार्फत. दाखल झालं एवढं कळलं. नंतर ते वकील बदलले, आता कोण आहेत माहीत नाही. तारीख लागलेली नाही. अपील लागेपर्यंत त्याची दहा वर्षं पुरी होतील, हे मला दोघांनी सांगितलंय.

नानावटींचं वाचून एक मनात आलं ते लिहिते. त्यांच्यासाठी सगळी मुंबई बोलत होती. माझ्या भावाचं नाव पेपरात एकदाच आलं, तेही आडनाव चुकवून.


कोपरखैरण्याचा बाप
१० मार्च, रात्री ९.५०

मला हे वाचून त्रास झाला, म्हणून लिहितो. कुणाला दुखवायचं नाही.

माझा मुलगा बारावीत गांजाने सुरू झाला आणि दोन वर्षांत एमडी या रासायनिक नशेवर गेला. घरातलं सोनं गेलं, त्याच्या आईची तब्येत गेली. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आज तो बावीस वर्षांचा आहे आणि दिवसा झोपून असतो. तुम्ही म्हणता फक्त टेम्पो चालवला. पण प्रत्येक पुडी कुठल्या तरी टेम्पोतूनच माझ्या सेक्टरपर्यंत आली ना? दुप्पट भाड्याला प्रत्येक ड्रायव्हर नाही म्हणाला असता तर माल नाशकाच्या पुढे आलाच नसता. शिक्षेला धाक असावा लागतो. दहा वर्षं म्हटल्यावर तरी एखादा थांबेल. न्यायाधीशावर सोडलं की वशिला असलेला सुटतो आणि नसलेला अडकतो, म्हणूनच कायद्यात आकडा घातला असेल.

आईबद्दल वाईट वाटलं. ते खरं आहे. पण माफी मागताना आमच्यासारख्यांचाही विचार व्हावा.


खारेगावची ताई
१० मार्च, रात्री ११.२०

दादा, तुमचं बरोबर आहे आणि मी तुम्हाला उत्तर देऊन गप्प बसवणार नाही. तुमचा मुलगा बरा व्हावा. माझ्या केंद्रावर डबा न्यायला येणाऱ्या मुलांतली दोन मी अशीच वाया जाताना बघितली आहेत.

एवढंच म्हणते. त्याला शिक्षा व्हायला नको होती असं नाही. झाली, आणि तो सात वर्षं ती भोगतो आहे. त्याच बरॅकीत एक माणूस आहे, ज्याच्याकडे कित्येक पट माल सापडला. त्यालाही दहा. माझ्या भावालाही दहा. आकडा घातल्यावर वशिला चालत नाही म्हणता, पण मालकाचा नंबर सुद्धा लागला नाही. ज्याच्या नावावर काही नाही, ज्याला सांगायला दुसरं नाव माहीत नाही, तो गाडीत सापडतो. तुमच्या सेक्टरपर्यंत माल आणणारा तो माणूस मोकळा आहे याचा मला तुमच्याइतकाच राग आहे.


वाशीची विधी विद्यार्थिनी
११ मार्च, दुपारी १२.३०

ताई, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प याच विषयावर होता, म्हणून लिहिते. काकांनी पाया सांगितला आहे. मी अर्जात काय असावं याबद्दल सांगते, आणि ते मला अमेरिकेचं वाचताना सुचलं.

तिथे १९८६ च्या कायद्याने क्रॅक कोकेनच्या पाच ग्रॅमला पाच वर्षं सक्तीची केली. तेवढ्याच शिक्षेला पावडर कोकेन मात्र पाचशे ग्रॅम लागायचं. एकास शंभर. पुडी विकणारी गरीब कृष्णवर्णीय मुलं दहा-दहा, वीस-वीस वर्षं आत गेली आणि न्यायाधीश तुमच्या साहेबांसारखंच म्हणत राहिले की आमचे हात बांधलेले आहेत. २०१० मध्ये हे प्रमाण एकास अठरावर आणलं. पण आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा फायदा नव्हता, तो २०१८ च्या कायद्याने दिला. मधल्या काळात सक्तीच्या किमान शिक्षेच्या खाली यायला त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या दयेशिवाय फारसं काही नव्हतं. ओबामांनी आठ वर्षांत १,७१५ जणांच्या शिक्षा कमी केल्या, त्यातल्या बहुतेक अमली पदार्थांच्या.

माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की २०१४ मध्ये त्यांच्या न्याय खात्याने निकष जाहीर केले. गुन्ह्यात हिंसा नसावी, टोळीशी मोठा संबंध नसावा, निदान दहा वर्षं भोगलेली असावीत, आधीचा गंभीर गुन्हा नसावा, तुरुंगातली वागणूक चांगली असावी, आणि आजच्या कायद्याने त्या माणसाला कमी शिक्षा झाली असती असं असावं. कैद्याला कळत होतं की आपल्याला काय दाखवायचं आहे. एनडीपीएसच्या कैद्याला आपल्याकडे असा कागद हातात मिळत नाही, त्यामुळे लोक अर्जात नुसती गरिबी लिहितात. गरिबी लिहाच, पण त्यासोबत हे सगळं मुद्द्यामुद्द्याने, पुराव्यासकट लिहा: आधी गुन्हा नाही, शस्त्र नाही, माल त्याच्या मालकीचा असल्याचं निकालातही म्हटलेलं नाही (हे निकालपत्र वाचून खात्री करा), शिस्तभंग नाही, शिवणकाम शिकला, बाहेर आल्यावर राहायला घर आणि काम आहे. तुमच्या केंद्रात काम देणार असाल तर तसं पत्र तुम्हीच द्या.

आणि न्यायाधीश जे म्हणाले, "दहाच्या खाली येता येत नाही", तशा अर्थाचं वाक्य निकालपत्रात शिक्षेच्या भागात असेल तर ते पान वर लावा. दयेच्या अर्जाला त्याहून मोठा आधार कुठला? ज्याने पुरावा ऐकला त्यानेच लिहून ठेवलंय की मला निवड नव्हती.

सक्तीची शिक्षा हलतच नाही असंही नाही. याच कायद्यात ३१ए कलमाखाली दुसऱ्यांदा मोठा गुन्हा केला तर सक्तीची फाशी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती घटनाबाह्य ठरवली, न्यायाधीशाला निवड दिली, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला. दहा वर्षांच्या किमान शिक्षेला मात्र अजून हात लागलेला नाही.


घणसोलीची
११ मार्च, रात्री १०.१५

ताई, माझे मिस्टर याच कलमात दहा वर्षं काढून आले. दयेचं आम्हाला काही जमलं नाही, कुणी सांगणारंच नव्हतं. मी दंडाचं सांगते, कारण आम्ही तिथे चुकलो.

दहा वर्षं झाली त्या दिवशी मी गेटवर डबा घेऊन उभी होते. आतून निरोप आला की दंड भरलेला नाही, आणखी एक वर्ष. मला माहीतच नव्हतं. निकालाच्या दिवशी ते वाक्य शेवटी आलं होतं, दहा वर्षं ऐकल्यावर पुढचं कानात शिरलंच नाही. घरी येऊन डबा तसाच ठेवला, उघडवेना.

नंतर विधी सेवेतल्या एका मॅडमने समजावलं. एक, सगळे पैसे नसतील तरी जमतील तेवढे भरता येतात. एक लाखाला एक वर्ष असेल तर पन्नास हजार भरले की सहा महिने उरतात, त्या हिशोबाने. हे जुन्या दंड संहितेच्या ६९ कलमात आहे, आणि तुमच्या भावाचा गुन्हा २०१७ चा म्हणजे त्याला जुनाच कायदा. दोन, दंडापोटीची कैद ही शिक्षा धरत नाहीत, दंड न भरल्याचा तो परिणाम असतो. २००७ मध्ये शांतिलाल नावाच्या अफूच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंच म्हणून तीन वर्षांची दंडापोटीची कैद सहा महिन्यांवर आणली. तेव्हा अपिलात निदान एवढं तरी मागायचं. आमच्या अपिलात हे कुणी मागितलंच नाही.

गरीब कैद्यांचा दंड भरायची केंद्राची योजना २०२३ मध्ये आली, पंचवीस हजारांपर्यंत. मी आशेने गेले. एनडीपीएस म्हणून आम्हाला तिथे काही मिळालं नाही. त्यावरच अवलंबून राहू नका, म्हणून सांगितलं.

आणि भावाला सांगा, भेटीला तुम्ही जाल तेव्हा मुलाच्या शाळेचं बोला, घराचं बोला. आम्ही प्रत्येक भेटीत केसच बोललो. मिस्टर आले तेव्हा मुलगी समोर उभी होती आणि तिला काय विचारावं हे त्यांना कळत नव्हतं.


निवृत्त शिरस्तेदार, चरई
१२ मार्च, सकाळी ७.००

घणसोलीच्या ताईंनी लिहिलं ते कापून ठेवण्यासारखं आहे.

खारेगावच्या ताई, आता असं करा. वकिलाला पुन्हा पैसे देऊ नका. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून दोन गोष्टी मागा: सध्याचे वकील कोण ते कळवा, आणि शिक्षेची तीन चतुर्थांश मुदत जवळ आली आहे म्हणून शिक्षा स्थगितीचा आणि अपील लवकर ऐकण्याचा अर्ज द्या. २००० मध्ये दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने ३२ए मधला एवढाच भाग छाटला होता. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढता येणार नाही. जामिनाच्या ३७ कलमाची अट तरीही पुरी करावी लागते, म्हणून सोपं नाही. पण मागायचा हक्क आहे.

दयेचा अर्ज त्याच्यासोबत तयार करून ठेवा. भावाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला बरा. तो तुरुंग अधीक्षकांमार्फत जाऊ दे आणि एक प्रत तुम्ही थेट राज्यपालांच्या नावाने, मलबार हिल, मुंबई ४०००३५ या पत्त्यावर पाठवा. अपील प्रलंबित आहे हे त्यात लपवू नका. चार वर्षांत तारीख लागली नाही हे तारखेसकट लिहा. ते लिहिलं की तोच तुमचा मुद्दा होतो.

मिळेलच असं मी म्हणणार नाही. अशा अर्जांना वर्षं लागलेली मी पाहिली आहेत. तुमच्याकडे दोन वर्षं आठ महिने आहेत, आणि दंडाचं वर्ष वेगळं. म्हणून थांबू नका.


खारेगावची ताई
३० मार्च, रात्री १०.५५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आले. एका तरुण वकीलबाई मिळाल्या, त्यांनी निकालपत्राची प्रत काढली. वाशीच्या मुली, तू म्हणालीस ते वाक्य खरंच आहे, सत्तेचाळिसाव्या पानावर. 'किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही' असं आहे. मी त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि बाईंना विचारलं, चालेल ना. त्या म्हणाल्या, झेरॉक्सवर मारा, मूळ प्रतीवर नको.

दंडापोटी ४१ हजार जमलेत. बाकीचे गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरीतून करायचे आहेत. भाचा आठव्या वर्षात आहे, तो जन्मला तेव्हा भाऊ आत जाऊन पंधरा दिवस झाले होते. घणसोलीच्या ताई, या भेटीत मी केस एकदाच काढली. बाकी वेळ तो त्याला सायकल येते का, हेच विचारत होता. येते. मागची चाकं काढली दिवाळीत.

अर्ज त्याने साडेतीन पानांचा लिहिलाय. त्यात एक ओळ आहे, मी जशी आहे तशी इथे उतरवते: 'गोणी उघडून बघायची मला संधी होती आणि मी बघितली नाही, हा माझा गुन्हा आहे.' वकीलबाई म्हणाल्या, अपील चालू असताना कबुलीसारखं वाटेल, ही ओळ काढा. तो म्हणतो, राहू दे, ती काढली तर मग मी मागतोय कशाला.

काका, आता तुम्हीच सांगा. ओळ ठेवायची की काढायची? अर्ज गुरुवारी जायचा आहे.


निवृत्त शिरस्तेदार, चरई
३१ मार्च, सकाळी ६.५०

ताई, वकीलबाई बरोबर सांगताहेत. अपिलात आपण गांजाच्या वजनावर भांडतोय आणि त्याच वेळी ही ओळ राजभवनाच्या फाईलला लागली तर उद्या सरकारी वकील ती वाचून दाखवू शकतो. गुरुवारी जाणाऱ्या प्रतीतून ती काढा.

पण भावाने लिहिलेलं ते पान फाडू नका. अपील निकालात निघालं, त्यात काहीच मिळालं नाही, तर दुसरा अर्ज करता येतो. तेव्हा ते पान पहिलं लावा. आणि पाठवाल ते स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. पावतीची झेरॉक्स लगेच काढा, ती शाई सहा महिन्यांत उडते.